चांदणीवाले बाप

पहिला घाव म्हाताऱ्याच्या डोक्यात बसला. म्हातारा म्हणजे शाळेच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर. वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसून पिवळा पडलेला, दमेकऱ्यासारखा घरघरणारा. दुसरा घाव त्याच्या पडद्यावर बसला आणि काचा खिडकीबाईंच्या मांडीत सांडल्या. तिसरा कुठे बसणार हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखलं नंतर.

"पत्ता," टायरवाला म्हणाला. त्याच्या हातात चाकाचे नट काढायचा लांब पान्हा होता. "माझी बायको कुठे राहते तो पत्ता. ह्या डब्यात आहे ना? काढ."

खिडकीबाईंच्या मनात त्या क्षणी एक फारच अवेळी विचार येऊन गेला. आपण मोठ्या बाईंशी दोन महिने भांडलो, ते ह्याच गोष्टीवरून. पत्ता डब्यात असतो की नसतो.

त्यांना खिडकीबाई हे नाव मुलांनी दिलेलं. ऑफिसच्या खिडकीतून त्या कमरेच्या वरच दिसायच्या, त्यामुळे लहान वर्गातल्या मुलांची अशी पक्की समजूत होती की ह्या बाईंना पाय नाहीत. दाखला हवा, डबा विसरला, पोटात दुखतंय, सगळं त्या खिडकीशी. आत त्या आणि म्हातारा. म्हाताऱ्यातला शाळेच्या कारभाराचा प्रोग्राम कुण्या संस्थेने एकदाच विकत घेऊन त्याच्या पोटात भरून दिला होता, आणि पुढे तो कुणाला विचारायला गेला नाही. नेट असो, नसो. वीज गेली तर बसायचा, आली की उठायचा.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ह्यांना तो डोळ्यांसमोर नको होता.

"अहो, उद्या हा कायमचा बसला तर?"

"बसला तर उठवीन."

"मागे ऑफिसात पाणी शिरलं, तेव्हा केस वाळवायचं यंत्र घेऊन वाळवत बसला होतात त्याला. न्हाऊ घातलेल्या बाळासारखं."

"वाळला ना?"

"सगळ्या शाळेची माहिती एका डब्यात, आणि डब्याची किल्ली एका बाईच्या डोक्यात. तुम्ही आजारी पडलात की शाळा आजारी." मोठ्या बाई बोटांवर मोजून सांगायच्या. नव्या पद्धतीत दर महिन्याला वर्गणी भरायची, बाकी सगळं कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर. बिघाड झाला तर ते बघतील. शिक्षक वर्गातूनच हजेरी लावतील, पालकांना घरबसल्या कळेल.

"भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं," खिडकीबाई म्हणाल्या. "आपलं ते आपलं."

"आणि आपल्या घराला आग लागली म्हणजे?"

"मग निदान आपलंच जळतं."

मोठ्या बाई जिंकल्या, कारण मोठ्या बाईच त्या. टेबलावर नवा लॅपटॉप आला, पाटीसारखा चपटा. म्हाताऱ्याला महिनाभर तरी शेजारी राहू द्या, सोबतीला, एवढं खिडकीबाईंनी मागून घेतलं.

आता चांदणीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

म्हातारा वडिलांचा फोन नंबर घेतल्याशिवाय मुलाचं नाव नोंदवून घ्यायचा नाही. बाप आहे की नाही, माणूस आहे की जनावर, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. चौकोन भरा म्हणायचा. आणि खिडकीबाईंचा हात असा की खोटा आकडा लिहायला धजायचा नाही. म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली होती. ज्या बापाला कधीही फोन करायचा नाही, ज्याच्या हाती मूल कधीही द्यायचं नाही, त्याच्या नंबराआधी एक चांदणी, कीबोर्डवरचं ते ताऱ्याचं चिन्ह. नंबर खरा, पुढे चांदणी. फोन त्याच करणार, दारात कोण आलंय ते त्याच बघणार, मग चांदणीचा अर्थ आणखी कुणाला ठाऊक असायची गरज काय? शिपाईमामांना कुणकुण होती, पण कुठल्या मुलाच्या बापाला चांदणी हे त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. अशा गोष्टी मुलांच्या मागे मागे फिरतात, हे खिडकीबाईंना माहीत होतं.

ह्या वर्षी एक चांदणी त्यांनी आपल्याच घरासाठी लावली. धाकटी बहीण मोडलेलं मनगट आणि एक पिशवी घेऊन दुसऱ्या गावाहून त्यांच्याकडे आली होती, सोबत तिसरीत जाणारी चिमणी. मनगट तिच्या नवऱ्याने, ह्याच टायरवाल्याने मोडलं होतं, दाराच्या फटीत धरून, सावकाश. "सावकाश गं ताई," बहीण पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू खरं दुखणं तेच होतं. बहिणीला खोली बघून दिली, एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं, चिमणीचं नाव शाळेत घातलं. वडिलांचा नंबर, आधी चांदणी. झालं.

मग कंपनीचा माणूस जुनी माहिती नव्यात हलवायला आला. चांगला हसतमुख माणूस.

"बाई, नंबरांमध्ये बराच कचरा दिसतोय. मध्येच रेघा, मध्येच मोकळ्या जागा, काय काय चिन्हं. साफ करून घेऊ?"

"घ्या की," खिडकीबाई म्हणाल्या. "एकदा धूळ झटकाच."

हे त्या स्वतः म्हणाल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना आपलाच आवाज ऐकू येत राहिला, धूळ झटकाच. त्यांच्या डोक्यात चांदणी ही चांदणीच होती. ती कुणाला कचरा वाटेल हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

नव्या पद्धतीचा पहिला दिवस उजाडला. शिक्षकांनी वर्गावर्गातून हजेरी लावली आणि प्रत्येक पालकाला आपोआप संदेश गेला. शाळेचं नाव, मुलाचं नाव, आज हजर. खाली आणखी एक ओळ: पाल्याची संपूर्ण माहिती पाहण्यासाठी खाते उघडा. खिडकीबाई लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या, सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक चाखायला बसावं तशा. कुणी संदेश वाचला, कुणी उलट काय लिहिलं, सगळं पडद्यावर दिसत होतं. कुणी लिहिलं, वा छान. कुणी लिहिलं, आमच्याकडे दोन मुलं आहेत, एकाचाच आला.

मग दुपारी तिसरीच्या यादीत चिमणीच्या नावापुढे त्यांना टायरवाल्याचा नंबर दिसला, चांदणीशिवाय. सकाळचा संदेश त्याने वाचला होता. खाली त्याने विचारलं होतं: सुटते किती वाजता?

आणि यंत्राने, कुणालाही न विचारता, अदबीने उत्तर दिलं होतं. शाळा सुटायची वेळ. तिसरीची मुलं कुठल्या फाटकातून बाहेर पडतात ते. सहकार्याबद्दल धन्यवाद.

म्हाताऱ्याच्या लाख खोडी असतील, पण तो स्वतःहून कधी कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

त्या धावत मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मुलांनी पाहिलं असतं तर त्यांना पाय आहेत ह्याची खात्री पटली असती. मोठ्या बाईंना सगळं दोन वाक्यांत कळलं. त्यांनी आधी पोलिसांना फोन लावला, मग यंत्रातून त्याचं नाव काढायला बसल्या. यंत्र म्हणालं, हे मुख्य पालक आहेत; ह्यांना काढायला कंपनीची मंजुरी लागेल.

"मुख्य पालक!" मोठ्या बाई ओरडल्या. "कुणी केलं त्याला मुख्य?"

"जुन्यात पहिला चौकोन वडिलांचा होता," खिडकीबाई म्हणाल्या. "आणि नव्यात ते खातं उघडलं की काय काय दिसतं, मोठ्या बाई?"

मोठ्या बाईंनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "सगळं. फोटो, गुण... घरचा पत्ता." मग घाईने, "त्याने अजून उघडलेलं नाही. इथे लिहिलंय, खाते उघडलेले नाही. नुसता संदेश वाचलाय."

"म्हणजे पत्ता त्याच्या खिशात आहे. फक्त त्याला माहीत नाही."

मोठ्या बाईंनी कंपनीला फोन लावला. आपण रांगेत आहात, असं एक गोड आवाज सांगू लागला. फोन कानाला तसाच धरून त्या चिमणीला वर्गातून उचलायला गेल्या. मागच्या प्रयोगशाळेत नेऊन आतून कडी घालायची असं ठरलं. खिडकीबाई ऑफिसात परतल्या, शिपाईमामांना फाटकाशी सावध करायचं म्हणून खिडकीतून हाक मारायला वाकल्या, आणि समोर टायरवाला उभा होता.

फाटकाशी त्याला कुणी अडवलं नव्हतं. मोबाइलवर शाळेचाच संदेश होता त्याच्याकडे. शिपाईमामांनी उलट खिडकीचा रस्ता दाखवला होता.

"बऱ्या आहात ना, ताई?" तो म्हणाला. तो नेहमी आधी असंच बोलायचा. "मुलीला न्यायला आलोय. आणि तिच्या आईलाही."

"शाळा सुटायची आहे अजून. बसा बाहेर."

"बसायला नाही आलो." तो दार ढकलून आत आला आणि मागे कडी घातली. पान्हा त्याने सदऱ्याच्या आतून काढला, शांतपणे, आपल्याच दुकानात काढावा तसा. "पोरगी जाते कुठे, सुटल्यावर सापडेलच. आधी तिची आई. पत्ता द्या."

लॅपटॉप टेबलावर उघडा होता. खिडकीबाईंनी तो मिटला, खुर्चीवर सरकवला आणि त्यावर बसल्या. बूड टेकायला का होईना, त्या यंत्राचा त्यांना आज पहिल्यांदा उपयोग झाला.

"पत्ता ह्याच्यात आहे," त्या म्हणाल्या आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

हे त्यांनी ठरवून केलं का? नंतर पोलिसांनी विचारलं, तेव्हा त्या हो म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांना एवढंच कळलं होतं की समोरचा माणूस लोखंडाचा आहे. जे हाताला लागतं तेच त्याच्या लेखी खरं. वस्तू कुठेतरी असते, डब्यात, दाराआड, मुठीत. आणि तिथून ती फोडून काढता येते. कालपर्यंत त्या स्वतःही असंच मानत होत्या. म्हणून तर त्यांना तो एवढा स्वच्छ दिसला.

त्यांनी म्हाताऱ्याचं बटण दाबलं. म्हातारा जागा होऊ लागला. तो सावकाश जागा होतो म्हणून सगळी शाळा त्याला नावं ठेवायची. घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"लवकर."

"म्हातारं माणूस आहे. वेळ लागतो."

"थट्टा करतेस?" अहोजाहो संपलं होतं. "तुझ्यासारखीच ती. तोंडाला तोंड. घरात येऊन तुमची दोघींची तोंडं..."

रेघ लुकलुकत होती. आणि मग ते तीन घाव.

दारावर शिपाईमामा धडका देत होते. कडी जुनी, मजबूत, खिडकीबाईंनीच मागे लागून बसवून घेतलेली. टायरवाल्याने त्यांचे केस मुठीत धरले आणि त्यांचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्त आलं, कीबोर्डच्या अक्षरांमध्ये उतरलं. त्याने पुन्हा आपटलं. खिडकीबाईंना वाटलं, ह्यालाच बहीण सावकाश म्हणत होती. हा रागात नसतो. हा काम करत असतो.

"काढ पत्ता."

"काच फोडलीस मूर्खा," त्या रक्त गिळत म्हणाल्या. जन्मात त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. "पत्ता काय काचेत असतो? काच नुसती दाखवायला. खाली डबा आहे टेबलाखाली. त्याच्यात तबकडी असते, हार्ड डिस्क. तबकडी काढून घेऊन जा, कुठलाही दुकानवाला उघडून देईल."

त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग केस सोडले. स्क्रू आणि नट ही त्याची भाषा होती. तो गुडघ्यांवर बसला, डबा ओढून घेतला आणि पान्ह्याचं टोक पत्र्याच्या फटीत घातलं.

त्याच्या डोक्यावर, टेबलाच्या कडेला, जुना प्रिंटर होता. शाईच्या फितीवर खडखडत छापणारा, लोखंडी, दोघांनी मिळूनच उचलायचा. तो कडेला ठेवू नका, कुणाच्या तरी पायावर पडेल, असं मोठ्या बाई कधीपासून सांगत होत्या.

पत्रा करकरला. आणि टायरवाल्याच्या खिशात मोबाइल वाजला.

टिंग. साधाच आवाज. त्याने डाव्या हाताने मोबाइल काढला. खिडकीबाईंना वरून पडदा दिसत होता. शाळेचं नाव. आपले खाते बंद करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद. आणि त्याच्या वर सकाळचा संदेश, त्यातली ती खालची ओळ, जी त्याने वाचलीच नव्हती.

आता वाचली. ओठ हलवत वाचली. कंपनीची रांग सरली होती. प्रयोगशाळेत, कडीच्या आत, मोठ्या बाईंच्या मोबाइलवर मंजुरी आली होती. ज्याच्यासाठी तो हा डबा फोडत होता ते सकाळपासून त्याच्या मांडीला लागून होतं, आणि आत्ता, ह्या क्षणी, गेलं होतं.

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून. फसवल्या गेलेल्या पोराचं नवल होतं. राग यायच्या आत खिडकीबाईंनी उजवा खांदा प्रिंटरला लावला आणि ढकलला.

प्रिंटर त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये पडला. टायरवाला तोंडावर आपटला, एक पाय झटकत राहिला. पान्हा घरंगळत खिडकीबाईंच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला. पहिला फटका त्याच्या पाठीवर घातला, कारण तो उठू पाहत होता. दुसऱ्याची गरज नव्हती. तो निपचित पडला होता, उजवा हात फरशीवर पसरून, तोच हात ज्याने दाराच्या फटीत मनगट धरलं होतं. दुसरा त्यांनी त्या हातावर घातला. सावकाश नाही. एका दमात.

मग त्यांनी कडी काढली. शिपाईमामा आत आले, त्यांनी एकदा सगळं पाहिलं आणि सरळ टायरवाल्याच्या पाठीवर बसले. शिपाईमामा भरभक्कम माणूस. पोलीस येईपर्यंत ते उठले नाहीत.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. बहिणीचा फोन आला. "ताई, चिमणी?"

"वर्गात आहे परत. चित्र काढतेय."

"आणि तू?"

"मी खिडकीत आहे. दुसरी कुठे असणार."

मोठ्या बाईंनी त्यांचा मोडका हात मोजपट्टी लावून ओढणीने गळ्यात बांधला. "तुमचं खरं होतं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात हे झालं नसतं."

"चांदणी माझी होती," खिडकीबाई म्हणाल्या. "मीच झटकायला सांगितली. आणि त्याला बाहेर काढलंत तुम्ही, तुमच्या त्या यंत्रानेच. आता सोडा ते." एवढं बोलून त्या थबकल्या.

"मोठ्या बाई. बाकीचे."

"बाकीचे कोण?"

"चांदणी एकच नव्हती."

दोघींनी टेबलाखाली पाहिलं. डबा चेपला होता, प्रिंटर पडताना त्यानेही एक कोपरा खाल्ला होता. कुणाकुणाच्या नंबरापुढे चांदणी होती ते त्या डब्यात होतं. नव्या यंत्रात सगळे बाप सारखेच होते, सगळे स्वच्छ, सगळ्यांना सकाळी संदेश गेलेला. खिडकीबाईंनी डोळे मिटले. नावं आठवेनात. डोक्यात नुसता टेबलाचा आवाज घुमत होता.

"चेहरे आठवतील," त्या म्हणाल्या. "मला फाटकाशी न्या."

इस्पितळाची गाडी बाहेर उभी राहिली होती, तिला थांबवलं. आज शाळा एकाच फाटकातून सुटेल असं मोठ्या बाईंनी सगळीकडे कळवलं. फाटकात खुर्ची मांडली, खिडकीबाई बसल्या. पान्हा मांडीवर होता. मागे थांबलेल्या पोलिसाने मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, शाळा सुटल्यावर देते. आणि त्यांच्या नाकाकडे पाहून त्याने वाद घातला नाही, शेजारी उभा राहिला. मागे मोठ्या बाई मोबाइल घेऊन. कंपनीने आता त्यांना सगळे हक्क दिले होते, घाबरून.

पालक येऊ लागले. आया, आज्या, शेजारी. बाप. खिडकीबाई प्रत्येकाकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. पुढचे. पुढचे.

मग एक माणूस आला. विंचरलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात खेळण्यातली मोटार, कागदात गुंडाळलेली. त्याच्या मुलाच्या पाठीवर एक डाग होता, त्रिकोणी, टोकदार, इस्त्रीच्या आकाराचा. दाखला मागायला आईने आणलं होतं, तेव्हा सदरा वर करून तिने तो खिडकीतून दाखवला होता.

"मेसेज आला मला," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "पहिल्यांदाच. शाळेकडून."

"बघू," खिडकीबाई म्हणाल्या आणि धड हात पुढे केला. त्याने विश्वासाने मोबाइल दिला. त्यांनी तो न बघताच मागे धरला. मोठ्या बाईंनी नाव वाचलं, आपल्या मोबाइलवर बोट फिरवलं.

टिंग.

खिडकीबाईंनी मोबाइल त्याला परत केला. त्याने वाचलं. त्याचा चेहरा बदलू लागला, आधी डोळे, मग जबडा. हा बदल त्यांना आता पाठ होता. त्यांनी पान्हा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला आणि त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

"पुढचे," त्या म्हणाल्या.